पायांना ओळखीची जमीन

वाचकहो, घरातील वृद्ध माणसाची प्रकृती सांभाळताना आपण औषधांच्या वेळा पाळतो, रक्तदाबाच्या नोंदी ठेवतो, पथ्याची काळजी घेतो. मात्र ज्या जमिनीवर ते माणूस दिवसभर पाऊल टाकते, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. माझेही गेले नव्हते. ते कसे गेले आणि त्यातून मी काय शिकलो, हे आज आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

आमचे घर अकलोलीचे. भिवंडी तालुक्यातील हे गाव तानसा नदीच्या काठी वसले आहे. वज्रेश्वरी आणि गणेशपुरी ही त्याची शेजारची ठिकाणे. येथील गरम पाण्याच्या कुंडांत सांधेदुखीने त्रासलेली माणसे लांबून येऊन पाय बुडवून बसतात. घर उतारावर असल्यामुळे पुढून दुमजली दिसते, पण मागच्या अंगणातून दोनच पायऱ्या चढल्या की माणूस थेट माडीवर पोहोचतो. तळमजल्याला कोबा आहे. माडी कडीपाटाची आहे, म्हणजे कड्यांवर सागाच्या फळ्या ठोकून केलेली. पावसाळ्यात तळमजल्याला ओल येते, त्या गारव्याने आईचे गुडघे धरतात. म्हणून ती बारा महिने माडीवरच राहते.

आईचे वय चौऱ्याऐंशी. काचबिंदूने तिची नजर बाजूंनी आटत गेली आहे. तरीही ती माडीवर कुणाचा हात न धरता वावरते. गेल्या भाद्रपदात एका सकाळी तिच्या पातळाचा काठ फळीतून वर आलेल्या खिळ्यात अडकला आणि ती गुडघ्यावर पडली. हाड मोडले नाही, ही देवाची कृपा. पण त्यानंतर आठ दिवस ती भिंतीचा आधार घेऊन चालत होती, आणि ते पाहून माझ्या मनात अपराधी भाव दाटून आला. तो खिळा मला कित्येक महिने दिसत होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडण्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढील माणसांचे प्रमाण सर्वांत अधिक असते. घरात पडणे आपण नशिबावर घालतो. पुष्कळदा त्याचे कारण एखाद्या खिळ्याइतके क्षुल्लक असते.

दिवाळीनंतर मी सुतारदादांना बोलावले. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओल पिऊन फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते. म्हणून असे काम हवा कोरडी झाल्यावरच हाती घ्यावे, हे त्यांनी आरंभीच सांगितले. त्यांनी गुडघ्यावर बसून एकेक फळी बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिली. दोन फळ्यांचा आवाज पोकळ आला; त्या आतून किडल्या होत्या. त्यांच्या जागी जुन्या सागाच्या फळ्या बसवल्या. उरलेल्या फळ्यांवर पायांच्या वर्दळीने खळगे पडले होते, काही ठिकाणी तुसे निघाली होती, पण गाभा भक्कम होता. “साग मेलेला नाही, वरचं कातडं तेवढं गेलंय,” असे दादा म्हणाले.

घासण्याचे काम सुरू होण्यापूर्वी आईला आम्ही बहिणीकडे पाठवले. हा भाग मी विशेष आग्रहाने सांगतो. लाकडाची बारीक धूळ साधी नसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली तिची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली आहे. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षे त्या धुळीत काम करणाऱ्यांना असतो, हे खरे. तरी दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्या वृद्धाला दोन दिवसांची धूळही बेजार करते. सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाजही सुटते. म्हणून दारे बंद करून, खिडक्या उघड्या ठेवून, नाकातोंडावर चांगला मास्क लावून काम करावे, आणि कारागिरालाही मास्क आपणच आणून द्यावा. धूळ केरसुणीने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. भिंतीलगतच्या फळ्यांवर जुना निळा तेलरंग होता, तो आम्ही कोरडा घासला नाही. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांची खात्री देता येत नाही. शिशाची धूळ लहान मुलांना सर्वाधिक घातक. ज्यांच्या घरी नातवंडे रांगतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

खिळ्यांची डोकी ठोकून लाकडाच्या आत बसवली, वरची भोके आणि मोठ्या फटी भुसा व सरस कालवून बुजवल्या. मग आधी 60 नंबरचा, नंतर 80चा आणि शेवटी 120चा पॉलिश पेपर लावून, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, जमीन घासली. काळपट थर गेला आणि आतून मधासारखा रंग वर आला. त्या रंगाने मी हरखून गेलो. इथेच माझी चूक झाली.

मला ती जमीन चकचकीत हवी होती. दादा जवसाच्या तेलाचा आग्रह धरत होते. मी हट्टाने झळाळीचे व्हार्निश आणले आणि अर्ध्या खोलीला लावून घेतले. आरसाच जणू. ते वाळून वास गेल्यावर आईला मोठ्या कौतुकाने घरी आणले. ती मागच्या दारातून आत आली आणि उंबरठ्यावरच थबकली. खिडकीतले ऊन जमिनीवर लखलखत होते.

“अरे, जमीन ओली आहे का रे? कुणी पाणी सांडलंय?” तिने विचारले.

“नाही गं आई, नवीन पॉलिश आहे,” मी म्हणालो.

तिने पाऊल पुढे टाकले नाही. ज्या खोलीत ती सत्तावन्न वर्षे वावरली, तिथे तिने प्रथमच माझा हात मागितला. वाचकहो, अधू नजरेला चकाकी आणि पाणी यांतला भेद कळत नाही. ओल्या जमिनीवर माणूस पाय आखडून, अंग ताठ करून चालते, आणि त्यानेच तोल जातो. माझ्या डोळ्यांना जे सौंदर्य वाटले, ते तिच्या पायांना भय होते.

दुसऱ्या दिवशी आई पुन्हा बहिणीकडे गेली आणि व्हार्निश घासून काढण्यात आणखी दोन दिवस गेले. दादा एका शब्दानेही मला बोलले नाहीत. त्यांनी जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले. दरवेळी वीस मिनिटांनी वरचे तेल पुसून घ्यायचे, मग एक-दोन दिवस थांबायचे. खोबरेल लाकडावर चिकटच राहते. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. याच गुणामुळे एक सावधगिरी आवश्यक असते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेटू शकतो. त्या चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आता जमिनीला झळाळी नाही, एक मंद स्निग्धता आहे. अनवाणी पायाला ती घट्ट धरून ठेवते. सैल पायपुसणी मी काढून टाकली. थंडीत आई पायमोजे घालीत असे. ते लाकडावर घसरतात, म्हणून रबरी तळव्याच्या चपला आणल्या. दोन पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा ओढला आणि मागच्या दारापाशी रात्री जळणारा लहान दिवा लावला.

एक गोष्ट मात्र आम्ही तशीच ठेवली. मागच्या दाराच्या अलीकडची एक फळी पाय पडला की करकरते. दादा ती आवळायला बसले, तेव्हा घरी परतलेल्या आईने त्यांना थांबवले. “ती राहू दे बाबा. ती बोलली की मला कळतं, आता पायरी आली.”

“बरं आजी,” म्हणून दादांनी हातोडी खाली ठेवली.

तेव्हा मला समजले की इतकी वर्षे आई त्या खोलीत डोळ्यांनी चालतच नव्हती. कुठे खळगा, कुठे फट, कुठे करकर, असा संबंध नकाशा तिच्या तळव्यांत होता. मी खळगे बुजवले तेव्हा त्या नकाशातल्या काही खुणा तिला न विचारता पुसल्या. पुढचे पंधरा दिवस मी सकाळ-संध्याकाळ तिच्याबरोबर खोलीत फेऱ्या मारल्या, तिच्या पायांना नवी ओळख होईपर्यंत. आता ती पुन्हा एकटी वावरते. रात्री ती फळी करकरली की खाली माझीही झोप चाळवते. आई उठली आहे, एवढे कळते, आणि ती परतल्याची दुसरी करकर ऐकूनच मी कूस बदलतो.

आपल्या घरी लाकडी जमीन नसेल. फरशी असेल, कोबा असेल, शेणाने सारवलेली भुई असेल. एक दिवस काढा आणि अनवाणी पायांनी, घरातल्या वृद्ध माणसाच्या चालीने, सारे घर फिरून पाहा. कुठे टोचते, कुठे घसरते, कुठे ऊन डोळ्यांवर येते, ते बघा. पण हत्यार हाती घेण्याआधी त्या माणसाला विचारा. जमिनीवर चालायचे त्यांना आहे.