आमच्या भिंतीतले बिनभाड्याचे भाडेकरू

लोहारा गावाच्या कडेला, जिथे घरे संपतात आणि सोयाबीन-तुरीची राने सुरू होतात, तिथे आमची वस्ती आहे. पाहुणे विचारतात, "तुमच्या लोहाऱ्यात पाहण्यासारखं काय आहे?" किल्ला पाहायचा तर नळदुर्गला जावे लागते. आम्ही पाहुण्यांना ओट्यावर बसवतो, चहा देतो आणि म्हणतो, "जरा भिंतीकडे बघा."

सकाळी पहिली जाग चिमणीला. आमच्या विजेच्या मीटरच्या पेटीमागे तिने काडीकचरा कोंबून घर केले आहे. मोठ्या चिमण्या दाणे टिपतात, पण पिलांना दाणा पचत नाही. त्यांना मऊ अळ्या आणि किडे लागतात. चिमणा-चिमणीच्या फेऱ्या मोजता मोजता आमच्या पोरांची बोटे संपली. पंधरा दिवसांच्या आसपास पिले उडून जातात. तोवर घरात भांडे जरी पडले तरी आजी ओरडते, "आरं हळू, लेकुरवाळी हाय ती!"

आजीच्या माहेरी, सास्तूरला, चिमण्यांना मीटरच्या पेटीची गरज नव्हती. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. दगडांच्या सांदीत, तुळयांच्या टोकांशी पाखरांची वस्ती असे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट झाली, ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली आणि त्याच भिंती, तीच माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या भिंतींची हळहळ आम्हाला नाही, आजीला तर मुळीच नाही. पक्के घर आम्हाला हवेच होते. पण गुळगुळीत गिलाव्याच्या घरात चिमणीला पाय टेकायला जागा उरली नाही, एवढे मात्र खरे.

दुपारी दुसरी भाडेकरीण येते, कुंभारीण माशी. नळाखालच्या चिखलाची गोळी तोंडात धरून ती आणते आणि खिडकीच्या कोपऱ्यात इवलेसे मडके घडवते. त्यात अळ्या भरते आणि तोंड लिंपून टाकते. कीर्तनात सांगतात की कुंभारीण अळीजवळ गुणगुणत राहते आणि ध्यास घेऊन अळीचीच कुंभारीण होते. आमच्या पोरांनी एक मडके हलकेच फोडून पाहिले. आत हिरव्या अळ्या होत्या. मेलेल्या नव्हत्या, पण हलतही नव्हत्या. कुंभारीण नांगी मारून त्यांना लुळे करते आणि आत आपले अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिलू त्या अळ्या खाऊन वाढते. दुसरे मडके आम्ही तसेच ठेवले. काही दिवसांनी त्याला गोल भोक पडले आणि नवी माशी उडून गेली. दृष्टान्त गोड होता, पण अळीच्या बाजूने पाहिले तर खोटा! मात्र कुंभारणीच्या मडक्यात गेलेली प्रत्येक अळी झाडावर कमी होते, हा फायदा खरा आहे.

दिवेलागणीला विजेच्या खांबावर पिंगळा येतो. वाटोळे डोळे, मान फिरवून फिरवून पाहणे. जुन्या लिंबाच्या ढोलीत त्याचे बिऱ्हाड आहे. त्याचा चिरका आवाज आला की शेजारच्या मावशी पोरांना दगड मारायला सांगतात. म्हणतात, "भूकंपाच्या आदल्या रातीलाबी बोलला होता मेला!"

आजीने एकदा शांतपणे विचारले, "बाई, त्यो रोजच बोलतो. ज्या राती काई झालं न्हाई, त्या रातींचा हिशेब कुणी ठिवला?"

मावशी गप्प झाल्या. भूकंप जमिनीच्या पोटातल्या हालचालीने झाला. पिंगळ्याने तेव्हाही उंदीर आणि किडेच पकडले असतील. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत पोरांच्या हातातला दगड खाली पडला आहे.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. पण चिमणीला भाषण नको, भोक हवे. फळीच्या तुकड्यांची लहान पेटी करा, तिला सव्वा इंचाचे भोक पाडा. मांजराचा पंजा पोहोचणार नाही अशा उंचीवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशा बाजूला ती टांगा. उन्हाळ्यात परळात पाणी ठेवा. दारच्या झाडावर ऊठसूट विषारी औषध फवारू नका, कारण त्या अळ्यांवरच चिमणीची पिले जगतात.

आम्ही मीटरशेजारी अशी एक पेटी टांगली आहे. अजून तिच्यात कोणी राहायला आलेले नाही. आजी रोज सकाळी वर बघते आणि म्हणते, "येतील. नव्या घरात जायला आपल्याला बी धीर लागलाच की!"