शूलपाणीच्या झाडीत आता पाणी

आपल्यातील पुष्कळांना गो. नी. दांडेकर भेटले ते ‘मोगरा फुलला’ आणि ‘तुका आकाशाएवढा’ या कादंबऱ्यांतून. माझे मन मात्र त्यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’त गुंतले. गोनीदांनी स्वतः नर्मदेची परिक्रमा केली होती. मी नर्मदा पाहिलेली नव्हती, तरी त्या जुन्या पुस्तकामुळे ती माझ्या ओळखीची झाली होती.

परिक्रमेचे नेम तुम्हाला ठाऊक असतील. मैया उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र ओलांडायचे नाही, मिळेल त्या भिक्षेवर राहायचे. यात सर्वांत धास्तीचा टप्पा शूलपाणीच्या झाडीचा. तिथले भिल्ल वाटसरूला लंगोटीवर आणून सोडत. परिक्रमावासी त्यांना ‘मामा’ म्हणत, म्हणजे मैयाचे भाऊ. मैयाच आपला संग्रह सोडवते आहे, अशी त्यांची भावना. मला ती फार गोड वाटे.

ती झाडी पाहायची म्हणून निघालो. गरुडेश्वरी टेंबे स्वामींच्या समाधीपुढे डोके ठेवले आणि पुढे गोरा गावी शूलपाणेश्वराला गेलो. देऊळ नवे, स्वच्छ, बांधीव. मूळ देऊळ होते वर मणिबेलीजवळ, आपल्या महाराष्ट्राच्या काठावर. ते आता सरदार सरोवराच्या पोटात आहे. त्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावे गाठली. केवडियाला १८२ मीटर उंच पुतळा आणि बसगाड्यांची रांग दिसते.

देवळाजवळ एका टपरीवर म्हातारेबुवा चहा करीत होते. मी झाडीची वाट विचारली. ते हसले. “झाडी पाण्याखाली गेली, महाराज. देवाला नवं देऊळ मिळालं. आम्हालाही दुसरीकडे जमीन दिली, पण तिथं नदी नाही.” मग बोटे मोडत बुडालेल्या गावांची नावे सांगू लागले. कुठे मामाचे घर, कुठे बहीण दिलेली, कुठे बापाला पुरलेले.

तेव्हापासून ते ‘मामा’ माझ्या मनातून जात नाहीत. परिक्रमेच्या आठवणींत वाटसरूचे काय काय गेले ते कळते; मामाच्या झोपडीत त्या दिवशी चूल पेटली होती का, हे क्वचितच. वाटसरूची घोंगडी गेली, पुढच्या गावी त्याला दुसरी मिळाली. मामाचे शेत, नदी आणि बापाची जागा गेली. याला मैयाने संग्रह सोडवला असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमची रेटेल का?

आणि हे फार दूरचे आहे असे समजू नका. आषाढीला चंद्रभागेत स्नानापुरते पाणी असावे म्हणून कित्येकदा उजनीतून पाणी सोडतात. त्याच उजनीच्या फुगवट्यात पळसदेवचे जुने देऊळ आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येते. त्याच्या भोवतीचे गाव केव्हाच दुसरीकडे वसले. आपण “पुंडलिक वरदे” म्हणत बुडी मारतो ते हे पाणी.

चहा संपवून मी उठलो. म्हातारेबुवांनी विचारले, “परिक्रमेत आहात?”

मी नाही म्हणालो.

“मग दहा रुपये द्या. परिक्रमावासी असता तर घेतले नसते.”