मुठीचं गाडगं

आमच्या घरी माजघरात जातं होतं आणि जात्यामागच्या कोनाड्यात एक गाडगं. धुरानं काळं पडलेलं, काठाला टवका उडालेलं. आज्जी दळायला बसली, की पहिली मूठ त्या गाडग्यात पडायची आणि मग जात्याच्या तोंडात वैरण जायची. सणवार असो, सुतक असो, मूठ चुकायची नाही. आम्ही पोरं त्याला 'अण्णांचं गाडगं' म्हणायचो. हे अण्णा आमच्याच भावकीतले कुणी असावेत, असं मला लहानपणी वाटायचं.

ते कर्मवीर भाऊराव पाटील, हे शाळेत गेल्यावर कळलं. १८८७ साली कुंभोजला जन्मलेला हा माणूस किर्लोस्करांचे नांगर विकत खेड्यापाड्यांतून हिंडला आणि शेतकऱ्याच्या घरातला अडाणीपणा डोळ्यांनी बघून आला. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एका पंगतीला. १९२७ साली गांधीजींनी त्या बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं. या पोरांचा स्वयंपाक, दुखणीखुपणी लक्ष्मीबाई वहिनींनी केली. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या लेकरांची आई झाली. पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने गेले आणि शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या वारल्या.

पण एका घरातलं सोनं किती दिवस पुरणार? मग 'मुष्टिफंड' आला. घरोघरच्या बायांनी दळताना मूठभर धान्य बाजूला ठेवायचं, ते गोळा करून बोर्डिंगच्या पोरांना घालायचं. आज्जी नवी नवरी म्हणून या घरात आली, तेव्हापासून सासूनं तिच्या हाताला ही सवय लावली होती.

"तू अण्णांना बघितलंस का गं?" मी एकदा विचारलं.

"बघितलं की. गावात सभा हुती. आमी बाया दाराआड, तोंडावर पदर. त्वांड कुटलं दिसतंय? पाय तेवढं दिसलं. येवढा मोठा मानूस आन् पायात वाहाना न्हाईत."

आज्जीनं अण्णांचे तेवढे अनवाणी पाय पाहिले होते. त्यावर तिचं गाडगं आयुष्यभर चाललं.

१९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा मी आठवीत होतो. आमचा माण तालुका तर पहिल्यापासून कोरडाच. विहिरींनी तळ दाखवला. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण तीही अर्धीच वाट्याला यायची. अशातही आज्जीची मूठ सुटत नव्हती. मला राग यायचा. अण्णा जाऊन तेरा वर्षं झाली होती. पोतं घेऊन दारात येणारं कुणी मी पाहिलं नव्हतं. मग हे कुणासाठी?

एक दिवस घरात कुणी नाही बघून मी गाडगं टोपीत पालथं केलं. दुकानात दाणे घातले आणि गूळ-चुरमुरे घेतले. ओढ्याच्या काठाला एकट्यानं बसून खाल्ले. धाकट्या बहिणीलासुद्धा ठेवले नाहीत.

संध्याकाळी आज्जीनं गाडगं उचललं. ते हलकं लागलं. तिनं आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"उंदरानं न्हेलं वाटतं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली मूठ गाडग्यात पडली.

महिन्याभरानं तिनं ते दाणे फडक्यात बांधले आणि गठुळं माझ्या हातात दिलं. "शाळंला निगालास न्हवं? बोर्डिंगात दे सरांस्नी. दर खेपंला बाजारला जानाऱ्याकडं देती. औंदा तूच ने."

म्हणजे गाडगं दर महिन्याला रिकामं होत होतं. मला कधी दिसलं नव्हतं, इतकंच.

चार मैल ते गठुळं मी डोक्यावर नेलं. बोर्डिंगच्या पडवीत माझ्याच बाकावरचा पोरगा मिलोतले खडे वेचत बसला होता. बाप मेंढरं घेऊन मुलूख सोडून गेलेला, म्हणून तो बोर्डिंगात. त्यानं माझ्या हातून गठुळं घेतलं, डब्यात ओतलं, फडकं झटकून दोन दाणे खाली पडले तेही उचलले.

"कुणी दिलं रं?"

"आज्जीनं."

मला मान वर करता आली नाही. मागच्या महिन्यात याच्याच ताटातलं मी खाल्लं होतं.

अण्णांनी किती शाळा काढल्या, ते भाषणांत सांगतात. मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. ज्यांच्याकडं द्यायला काही नाही असं सगळे समजत होते, त्यांनाही त्यांनी देणारं केलं. आज्जीला अक्षर येत नव्हतं. पण कुणाची तरी पोरं शिकतायत त्यात आपले दाणे आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळं गरिबीतही तिची मान कधी खाली गेली नाही.

उंदराची गोष्ट मी तिला शेवटपर्यंत कबूल केली नाही. ती गेली तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो.

परवाच्या २२ सप्टेंबरला, अण्णांच्या जयंतीला, मी जोंधळ्याचं पोतं घेऊन त्याच बोर्डिंगवर गेलो. तिथल्या तरुण सरांनी पावतीबुक काढलं.

"नाव काय लिहू?"

मी आज्जीचं नाव सांगितलं. जन्मभर मुठी टाकल्या, पण तिच्या नावाची पावती कधी फाटली नव्हती. सरांनी विचारलं, "त्या आल्यात का? सही लागेल."

"अंगठा करायची ती," मी म्हणालो, आणि तिच्या नावापुढं माझाच अंगठा उठवला.