मागच्या रांगेतील मुले

ग्वाल्हेरात पडावाजवळच्या एका प्राथमिक शाळेत आम्ही गाणे शिकवतो, असे सांगितले की ऐकणारा तानसेनाचे नाव घेतो. आम्हांस मात्र १९१८ साल आठवते. त्या वर्षी पं. भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली येथे माधव संगीत विद्यालय निघाले आणि मोजक्या शिष्यांचे गाणे वर्गात आले. वर्ग आला म्हणजे न निवडलेले मूलही आले. त्याचे काय करावे, हा आमचा रोजचा प्रश्न.

स्नेहसंमेलन जवळ आले, की ‘बेसूर मुलांना मागे उभे करा, नुसते ओठ हलवू द्या’ अशी सूचना येते. ती आम्ही मानीत नाही. पुष्कळदा मूल बेसूर नसतेच. पुरुष शिक्षकाचा खालचा षड्ज ऐकून ते तसाच जाड आवाज काढू पाहते आणि गळा अडतो. अशा वेळी वर्गातील एखाद्या मुलीस ‘सा’ लावावयास सांगावे, त्याने तो ऐकावा, गुणगुणावा. बहुधा काही दिवसांत सूर भेटतो.

सातव्या वर्षी ‘तू गाऊ नकोस’ असे ऐकलेली माणसे सत्तरीतही गणपतीच्या आरतीला नुसत्या टाळ्या वाजविताना आम्ही पाहिली आहेत. आमच्या वर्गातून गवई निघो न निघो, असा मुका कोणी निघू नये.