फॉल्ट घरात की बाहेर

मंठ्यात आमच्याकडे फोन आला तो अर्ज केल्याचं विसरून गेल्यावर. सी-डॉटची, एसीशिवाय धुळीत-उन्हात तग धरणारी एक्स्चेंजं तोवर लहान गावांत पोचली होती. लाईनमनकाकांनी खांबावरच्या डीपीतून काळी तार ओढून माळवदावरून आत घेतली, भिंतीवर पांढरी रोझेट ठोकली, चहा घेतला आणि जाताजाता मला म्हणाले, "बिघडलं तर आधी बघायचं, फॉल्ट घरात हाय का बाहेर." माझी या विषयातली शाळा एवढीच.

रोझेटमधून घरातल्या सगळ्या तारा सोडायच्या आणि एकच फोन तिथंच थेट जोडायचा. डायल टोन स्वच्छ आला तर भानगड आपलीच. मग एकेक तार परत लावत जायचं. जिच्यानं खरखर सुरू होईल ती चोर. आमच्याकडे चोर बहुतेकदा आजीच्या खोलीकडे जाणारी तार निघायची. माळवदाच्या कडेला तिचा जोड होता. मे महिन्याच्या उन्हानं टेप वितळून गुळासारखी चिकट झालेली, आत तांब्यावर हिरवी बुरशी, आणि तीही दोनांपैकी एकाच तारेवर. लाईनवर उणे ४८ व्होल्ट असतात, धन टोक एक्स्चेंजात जमिनीला जोडलेलं. जमिनीतलं तांबं झिजू नये म्हणून ही सोय. पण जोडात ओल शिरली की धन बाजूची तार खाल्ली जाते. कुरतडलेलं टोक छाटायचं, ब्लेडनं तांबं लखलखीत करायचं, पीळ द्यायचा, नवी टेप. पाऊस पडला की पुन्हा तेच.

ही वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून यायची. लोडशेडिंगमध्ये गल्ली अंधारात, पण फोन जिवंत. दुरुस्तीलाही भीती नाही. फक्त उघडी तार हातात असताना कुणाला आपली आठवण येऊ नये. घंटीची वीज एसी, ७५ व्होल्टच्या आसपास. माणूस स्टुलावर असेल तर खाली येतो.

२००० साली टेलिफोन खात्याचं बीएसएनएल झालं. पुढं ब्रॉडबँड आलं तेही याच दोन तारांवर. बोलणं चार किलोहर्ट्झच्या आत, नेट त्याच्या वर. आजीच्या फोनला फिल्टर लावायचा राहिला की तिनं रिसीव्हर उचलताच नेट बसायचं. ती म्हणायची, "माझ्या बोलण्यानं तुझं काय अडतंय रे?"

आता फायबर आहे. काचेतून उजेड येतो, वीज येत नाही. लाईट गेली की नेटचा डबाही गेला, म्हणून तो इन्व्हर्टरवर टाकलाय. पक्कड, ब्लेड, टेप यांचं इथं काही काम नाही. मागच्या पावसाळ्यात नेट गेलं तेव्हा आलेल्या पोरानं तारेच्या टोकाला पेनासारखं काहीतरी लावलं. लाल उजेड आत शिरला आणि खिडकीच्या चौकटीत तार मुडपली होती नेमक्या तिथूनच बाहेर फुटला.

"फॉल्ट घरातच आहे, काका," तो म्हणाला.

हे पेन कुठं मिळतं, ते त्याच्याकडून लिहून घेतलंय.