साडेपाच ते साडेपाच

डर्बनच्या सिटी हॉलसमोर पहाटे आम्ही हजारो माणसं मेंढरांसारखी अंगाला अंग लावून उभी होतो. जून महिना, म्हणजे तिकडे हिवाळा. घरी सातारकर पावसाची वाट बघत बसलेले, आणि मी इथं अंगात फाटका स्वेटर घालून कुडकुडत होतो. पळायला लागलं की तो रस्त्याच्या कडेला टाकून द्यायचा.

9 जून 2019. कॉम्रेड्स मॅरेथॉन. नावात मॅरेथॉन असली तरी अंतर मॅरेथॉनच्या दुपटीहून जास्त, त्या वर्षी सुमारे 87 किलोमीटर. एक वर्ष पीटरमारित्झबर्गहून उतरत डर्बनला यायचं, एक वर्ष डर्बनहून चढत तिकडे जायचं. ते चढाचं वर्ष होतं. पहाटे साडेपाचला बार उडणार, संध्याकाळी साडेपाचला दुसरा. त्या दोन बारांमध्ये पोहोचलात तर पोहोचलात.

चाळिशीत डॉक्टरांनी साखरेची भीती घातली तेव्हा मी पळायला लागलो. या शर्यतीचं वेड लागलं ते त्यानंतर दोन वर्षांनी. आमच्या फ्रिजवर नऊ वर्षं ‘12 तास’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी होती. बायकोला ती कुठल्या तरी औषधाची वाटायची. यवतेश्वरच्या घाटात रविवारी चार-चार वेळा वरखाली केलं की दूधवाले विचारायचे, “सर, काय हरवलंय का?” 2018 ला, उताराच्या वर्षी, इथं आलोही होतो. पाइनटाउनजवळ वेळ संपल्यावर रस्ता अडवला गेला आणि मला बसमध्ये बसवलं. बसमध्ये कोणीच कोणाशी बोलत नव्हतं.

सुरुवातीआधी ‘शोशोलोझा’ हे कामगारांचं गाणं सुरू झालं. सगळा जमाव गातो. शब्द येत नसले तरी छातीत काहीतरी हलतं. मग कोंबडा आरवला. खरा नव्हे. मॅक्स ट्रिम्बॉर्न नावाच्या धावपटूनं 1948 मध्ये थंडीत आणि उत्साहात कोंबड्याची बांग दिली, तेव्हापासून ती प्रथाच झाली. आता त्याच्या आवाजाची ध्वनिफीत लावतात. बार उडाला. मी पार मागच्या कोंडाळ्यात. सुरुवातीची रेघ ओलांडायलाच आठ मिनिटं गेली. घड्याळ कुणासाठी थांबत नाही. बारापासून बारापर्यंत मोजायचं.

काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल असे डोंगर एकामागून एक येत गेले. पाइनटाउनची ती जागा आली तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. पाणी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत देतात, कोपरा दातानं तोडायचा. उकडलेले, मीठ लावलेले बटाटेही मिळतात, आणि त्या क्षणी त्यांच्यापुढे पंचपक्वान्न फिकं.

ड्रमंडच्या अलीकडे रस्त्याकडेच्या कातळात बसण्याजोगा एक खोबणा आहे, आर्थर्स सीट. 1920 च्या दशकात ही शर्यत पाच वेळा जिंकलेले आर्थर न्यूटन इथं विसावायचे म्हणतात. त्यांना नमस्कार करून फूल वाहिलं की उरलेली शर्यत बरी जाते. माझ्याकडे फूल नव्हतं. कमरेच्या पिशवीत कंदी पेढे होते, त्यांचाही निम्मा भुगा झालेला. शाबूत राहिलेला एक पेढा ठेवला आणि “गुड मॉर्निंग, आर्थर” म्हटलं. मागून एक कोल्हापूरकर ओरडला, “पावनं, नैवेद्य दाखवलासा, आता आरती नको! चला!”

अर्धं अंतर संपलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते. नंतर कळलं, साडेअकराच्या आत गेर्डा स्टेन शेवटची रेघ ओलांडून मोकळी झाली होती. 5 तास 58 मिनिटं 53 सेकंद. चढाच्या वर्षी सहा तासांच्या आत येणारी पहिली बाई. मी तेव्हा इंचांगा चढत होतो.

इंचांग्यावर एका शाळेची अपंग मुलं चाकाच्या खुर्च्यांवरून हात पुढे करून बसतात. त्यांच्या हातावर टाळी देत जाताना पाय दुखतात म्हणायची लाज वाटली. त्यापुढचा कॅम्परडाउनपर्यंतचा तास-दीड तास मला आठवतच नाही, आठवायचाही नाही.

शेवटाच्या सात-आठ किलोमीटर आधी पॉली शॉर्ट्स. लांबी दोन किलोमीटरही नसेल, पण हा चढ ऐंशीच्या आसपास किलोमीटर झाल्यावर येतो, तीच त्याची खोडी. जवळजवळ सगळेच चालत होते. मी दिव्याचे खांब मोजले. दोन खांब चालायचं, एक खांब पळायचं. यवतेश्वरला हेच वळणांवर करायचो.

स्कॉट्सव्हिलच्या रेसकोर्सच्या गवतावर पाय पडला तेव्हा मोठ्या घड्याळात 11:54 होते. सहा मिनिटं हातात ठेवून. गळ्यात पडलेलं तांब्याचं पदक रुपयाच्या नाण्याहून थोडंच मोठं. त्यावर विक क्लॅफम यांचं नाव. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या या रेल्वेवाल्यानं मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी 24 मे 1921 ला ही शर्यत सुरू केली. निघाले 34, पोहोचले 16.

मी तिथंच कठड्याला धरून उभा राहिलो. साडेपाचला एक माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहिला आणि त्यानं बार उडवला. कोण अडकलं हे त्याला दिसू नये म्हणून. मला दिसलं. हिरव्या बनियनमधला एक जण, रेघेपासून आठ-दहा पावलांवर. तो थांबला, गुडघ्यांवर हात ठेवले. माझे ओठ आपोआप ‘पाइनटाउन’ म्हणाले.

सोमवारी पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनवर गेलो. 7 जून 1893 च्या रात्री गांधीजींना याच स्टेशनवर गाडीतून उतरवलं. तेही डर्बनहूनच चढत आले होते. याची तुलना आपल्या पळण्याशी करावी इतका मी खुळा नाही. फलकापाशी हात जोडले. मग जिना उतरायची वेळ आली आणि मांड्यांनी साफ नकार दिला. एक रेल्वे कर्मचारी बघत होता. त्यानं माझ्या गळ्यातलं पदक बघितलं, हसला, आणि हातानंच खूण केली: वळा, उलटे उतरा.