पांढऱ्या सुटातला माणूस

पाब्लो लार्राइनचा 'टोनी मानेरो' (२००८) पाहिला. इथे खंडाळ्यातच, खंबाटकीच्या पायथ्याशी, रात्री लॅपटॉपवर. चिलीचा सिनेमा. शहर सांतियागो, साल १९७८, पिनोचेटच्या लष्करी राजवटीचं पाचवं वर्ष. राउल पेराल्ता हा बावन्न वर्षांचा माणूस 'सॅटर्डे नाइट फीव्हर'मधल्या टोनी मानेरोने, म्हणजे जॉन ट्रॅव्होल्टाने, पार झपाटलेला. तीच चाल, तोच पांढरा सूट. टीव्हीवरची नकलेची स्पर्धा जिंकायची, बाकी जग मेलं तरी चालेल.

*

एक प्रसंग काही केल्या डोक्यातून जात नाही. रस्त्यात लुटल्या गेलेल्या म्हातारीला राउल हाताला धरून घरी पोचवतो. तिच्याकडे रंगीत टीव्ही आहे. पिनोचेटचे डोळे निळे आहेत, असं ती त्याला कौतुकाने सांगते. आणि हा एकाएकी ठोशांनी तिचा जीव घेतो. संताप नाही, घाई नाही. टीव्ही उचलतो आणि निघतो. नाचाच्या फरशीला काचेच्या विटा हव्यात, त्यासाठी हे सगळं. आल्फ्रेदो कास्त्रोच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. असा अभिनय मी फार थोडा पाहिलाय.

*

हुकूमशहा कथेत कुठेच येत नाही. संचारबंदी आहे, रस्त्यावर गस्त आहे, बस्स. पण राउलच्या खुनांचा तपास कुणी करत नाही, कारण पोलीस राजवटीविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांच्या मागावर आहेत. तो राहतो त्या घरावरही धाड पडते ती पत्रकांसाठीच. खुनी अलगद निसटतो. दडपशाहीवर भाषणं पुष्कळ ऐकली, पण ती गल्लीबोळात कशी झिरपते हे इतकं स्वच्छ क्वचितच कुणी दाखवलं असेल.

*

दिग्दर्शकाचे वडील एर्नान लार्राइन हे यूडीआय या उजव्या पक्षाचे बडे नेते. पिनोचेटच्या पाठीराख्यांनी काढलेला तो पक्ष. त्याच घरातल्या मुलाने पुढे 'पोस्ट मॉर्टेम' (२०१०) आणि 'नो' (२०१२) करून त्या काळावर तीन सिनेमे पुरे केले. याला छाती लागते.

*

आपल्याकडची आणीबाणी म्हणजे चिली नव्हे. तिथे हजारो माणसं मारली गेली किंवा गायब झाली. आपल्याकडे एकवीस महिन्यांनी, मतदानानंतर ती उठली. पण सिनेमावर हात पडलाच. 'किस्सा कुर्सी का'च्या प्रती नष्ट केल्या. १५ ऑगस्ट १९७५ला 'शोले' आला, तो शेवट बदलून: ठाकूर गब्बरला मारणार इतक्यात पोलीस हजर. त्याच 'शोले'च्या संवादांच्या तबकड्या निघाल्या, लोकांनी गब्बर तोंडपाठ केला. त्या दिवसांतलं वेड म्हटलं की मला हेच आठवतं. त्या वेडावर आपण सिनेमा काढला नाही.

*

डिसेंबर १९७५, कऱ्हाड. साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्या वेळचे परराष्ट्रमंत्री. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून, मंत्र्यांच्या देखत, आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. आपल्या सातारा जिल्ह्यात हे घडलं, आणि आज कॉलेजातल्या पोरांना ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

*

झपाटलेपण दुसऱ्या जातीचंही असतं. जब्बार पटेलांचा 'सामना', लेखन तेंडुलकरांचं, १९७५च्या बर्लिन महोत्सवात गेलेला. दारूत बुडालेला म्हातारा मास्तर साखर कारखानदार हिंदूराव पाटलाच्या वाड्यावर येऊन पडतो आणि गायब झालेल्या मारुती कांबळेचं नाव काढतो. मग तेच नाव, पुन्हा पुन्हा. निळू फुल्यांचा हिंदूराव आधी हसतो, मग चिडतो, मग भितो. मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू जन्माने सातारचेच. राउलला आरशापलीकडे काही दिसत नाही. मास्तरला हरवलेल्या माणसाखेरीज काही सुचत नाही. मला विचाराल तर 'सामना' मोठा सिनेमा, कारण तो सत्तेला घाम फोडतो. पण 'टोनी मानेरो' जास्त खरा वाटतो. राउल संख्येने जास्त असतात.

*

साताऱ्या-सांगलीतल्या आणीबाणीवर, तिच्यात खालमानेने जगलेल्या साध्या माणसावर, कुणीतरी सिनेमा लिहायला हवा. तेव्हा विशीत असलेली माणसं आता सत्तरीपार आहेत. नव्या लेखकांनो, त्यांच्याकडे जा, बसा, विचारा. उशीर करू नका.